ठाण्याची नगरपालिका महापालिका कशी झाली, आणि तिथे शेवटचा शब्द कोणाचा?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ठाणं हे जिल्ह्याचं मुख्यालय, नगरपालिका १८६३ची. मग महापौर प्रथम नागरिक असूनही सगळे आदेश आयुक्तांच्या सहीने का निघतात? आणि इतक्या जुन्या शहराला अजून स्वतःचं धरण का नाही?

माझी नोकरी महापालिकेच्या सचिव विभागात गेली. महासभेची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची, विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, ठरावांच्या प्रती खात्यांना पाठवणं हेच काम. त्यामुळे उत्तर मी त्या टेबलावरून देतो आहे. आधी थोडक्यात: कायद्याने निर्णय सभागृहाचा आणि अंमलबजावणी आयुक्तांची. पण कोणाचं पारडं जड, हे दोन गोष्टींवर ठरतं. पैसा कुठून येतो आणि गोषवारा, म्हणजे महासभेपुढे ठेवायचा प्रस्ताव, कोण लिहितो. ठाण्याच्या बाबतीत हद्द, पाणी, उत्पन्नाचा मुख्य झरा आणि आयुक्त या चारही गोष्टी शहराबाहेर ठरत आल्या आहेत. हे एकदा लक्षात घेतलं की तुमचे दोन्ही प्रश्न एकच होतात.

इतिहासात फार मागे जायची गरज नाही, पण एक धागा धरून ठेवा. ठाणं कायम कोणाच्या तरी राज्यकारभाराचं केंद्र राहिलं. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ते श्रीस्थानक होतं, मग पोर्तुगीजांचं ठाणं झालं. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले ते याच किल्ल्यातून. पेशवाई संपल्यावर उत्तर कोकणचा कारभार इथून चालू लागला आणि पुढे जिल्ह्याला नावही ठाण्याचंच मिळालं. तेव्हाचा जिल्हा केवढा मोठा होता, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १८६९ मध्ये त्यातून कुलाबा (आजचा रायगड) वेगळा झाला, १९२० मध्ये साष्टीचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला.

मुंबईहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यात आली. नगरपालिका त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये. त्या वेळी गावाची वस्ती साधारण नऊ हजार. म्हणजे शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारी व्यवस्था आधी आली आणि गावाचा स्वतःचा कारभार नंतर. ती नगरपालिकाही कलेक्टर कचेरीच्या सावलीतच वाढली. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांचं अध्यक्षपद सरकारी अधिकाऱ्याकडे असे. १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेल्या सदस्यांचा वाटा हळूहळू वाढत गेला. मग १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम.

या १९६५ च्या कायद्यापाशी थोडं थांबू. महापौर आणि आयुक्तांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. नगरपालिकेत नगराध्यक्ष नुसता सभा चालवत नाही. आर्थिक आणि प्रशासकीय कामावर देखरेख ठेवण्याचा अधिकार कायद्यानेच त्याला दिला आहे, आणि मुख्याधिकारी त्याच्यासोबत काम करतो. ठाण्याच्या नगराध्यक्षाला म्हणूनच वजन होतं. १९६७ च्या निवडणुकीत शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत, आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं तेही नगरपालिकेच्याच काळात. महापालिका नसलेल्या एका गावाने स्वतःसाठी एवढं नाट्यगृह बांधलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. जुने कर्मचारी सांगत की नगराध्यक्षांनी ठरवलं की काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. थोडी अतिशयोक्ती सोडली तरी त्यात तथ्य आहे, कारण ठरवणारा आणि देखरेख करणारा माणूस एकच होता.

मग आला १ ऑक्टोबर १९८२. ठाणे नगरपालिकेची जुनी हद्द आणि आजूबाजूची ३२ गावं एकत्र करून महापालिका झाली. खाडीपलीकडचं कळवा, मुंब्रा, तिकडे शीळ, डायघर, दिवा, इकडे माजिवडे, बाळकुम, कोलशेत, कावेसर, ओवळे. नौपाडा आणि दिवा यांच्यात त्या वेळी समान असं काहीच नव्हतं. एकीकडे नळ, गटारं, घरपट्टीची बिलं, तर दुसरीकडे विहिरी, भातशेती आणि मिठागरं. आणि त्याच दिवशी लोकनियुक्त सभागृह संपलं. पहिली महापालिका निवडणूक झाली १९८६ मध्ये. आधी नगराध्यक्ष राहिलेले सतीश प्रधान पहिले महापौर झाले. मधली सगळी वर्षं शासनाने नेमलेल्या प्रशासकाची. खाती कशी बांधायची, गावांतले कर्मचारी कसे सामावून घ्यायचे, कर कसा लावायचा, हे सगळं मूलभूत ठरलं ते मत देणाऱ्या माणसाचा प्रतिनिधी सभागृहात नसताना. नवं सभागृह आलं तेव्हा घर बांधून झालं होतं. राहायला आलेल्याला भिंती हलवता येत नाहीत.

कायदाही बदलला. मुंबई महापालिकेचा कायदा स्वतंत्र, १८८८ चा. ठाण्याला लागू झाला तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, जो मुळात पुणे आणि अहमदाबादसाठी केला होता. आता त्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात, पण जुनी माणसं जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अजून 'बीपीएमसी'च म्हणतात. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर सगळ्या याच कायद्याखाली चालतात. एका जिल्ह्यात सहा महापालिका आणि त्यांच्यावर एकच अधिनियम.

या कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. त्यांची नेमणूक राज्य शासन करतं. महापौर महासभेचा अध्यक्ष असतो, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतो, माहिती मागवू शकतो. पण एखादा आदेश काढायचा, एखाद्याची बदली करायची किंवा एखादं बांधकाम पाडायचं, तर सही आयुक्तांची किंवा त्यांनी अधिकार सोपवलेल्या अधिकाऱ्याची. महापौराची मुदत अडीच वर्षं. स्थायी समितीचे सदस्य १६, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, आणि मोठ्या निविदा तिथूनच मंजूर होतात. म्हणून स्थायी समितीच्या सभापतिपदासाठी जेवढी चुरस लागते तेवढी पुष्कळदा महापौरपदासाठीही लागत नाही. नवा नगरसेवक आला की आम्ही त्याला कलम ६३ आणि ६६ आधी वाचायला सांगत असू. पहिल्यात महापालिकेने करायचीच कामं आहेत, दुसऱ्यात करता येतील अशी. अर्ध्याहून जास्त भाषणं कोणत्या कलमात बसतात हे न बघता होतात.

आता एका कामाचा प्रवास सांगतो, कारण परीक्षेच्या पुस्तकात तो मिळत नाही. समजा, एका रस्त्याचं रुंदीकरण करायचं आहे. अभियंता अंदाजखर्च करतो, नस्ती (फाइल) तयार होते, नगररचना अभिप्राय देते, लेखा विभाग तरतूद आहे का ते सांगतो, अतिरिक्त आयुक्तांकडून ती आयुक्तांकडे जाते. तिथून सही होऊन आमच्याकडे येतो तो गोषवारा. विषयपत्रिकेवर त्याला क्रमांक मिळतो. सभेत सूचक, अनुमोदक, चर्चा, कधी उपसूचना, कधी 'तहकूब', आणि मग ठराव. पुढे निविदा, स्थायी समिती, कार्यादेश. या वाटेवर नगरसेवक भेटतो तो मध्ये, एकदाच. त्याच्या हातात कागद येतो तेव्हा पर्याय निवडून झालेले असतात. हा रस्ता घ्यायचा की तो, उड्डाणपूल की भुयारी मार्ग, हे गोषवारा लिहितानाच ठरतं. चांगला नगरसेवक म्हणून मी त्याला मानतो, जो गोषवारा यायच्या आधी अभियंत्याच्या टेबलाशी पोहोचतो. असे लोक सगळ्या पक्षांत पाहिले, आणि त्यांच्या प्रभागात फिरलं की ते दिसतं.

याच वाटेवर एक वाईट सवय आहे, आयत्या वेळचे विषय. तातडीच्या कामासाठी ठेवलेली ही सोय. पण सभेच्या शेवटी गठ्ठ्याने आलेला विषय कोणी वाचलेला नसतो. लोकांच्या पैशाचा निर्णय वाचल्याशिवाय होऊ नये, एवढं साधं तत्त्व त्यात मोडतं.

सभागृहाच्या हातात आयुक्तांविरुद्ध काहीच नाही का? आहे. एकूण सदस्यांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर शासनाने आयुक्तांना परत बोलवायचं, असं कलम ३६ सांगतं. पण शेजारी नवी मुंबईत काय झालं ते पाहा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये १११ सदस्यांच्या सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव शंभरहून अधिक मतांनी मंजूर केला. शासनाने तो अमलात येऊ दिला नाही आणि त्यांची बदली झाली ती पुढच्या मार्चमध्ये. कारण कलम ४५१. महापालिकेचा कोणताही ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. मुंढे बरोबर होते की सभागृह, हा वेगळा वाद. कारभाराच्या दृष्टीने धडा असा की शेवटचा शब्द महापालिका भवनात नाही, मंत्रालयात आहे.

आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असण्याची दुसरी बाजूही आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर आयुक्त असताना ठाण्याचे रस्ते रुंद झाले. वर्षानुवर्षं कागदावर आखलेल्या रेषेपर्यंत बांधकामं मागे घेतली गेली. तेव्हा दुकानदारांचा रोष होता, आज त्याच रस्त्यांवरून आपण जातो. पाच वर्षांनी मत मागायला जायचं असतं तर एवढी हिंमत कोणी केली असती का, याची मला खात्री नाही. म्हणून आयुक्त म्हणजे नोकरशाही आणि महापौर म्हणजे लोकशाही, अशी सोपी विभागणी मी करत नाही.

तरीही मला सर्वांत जास्त सलते ती हद्दवाढ आणि नियोजन यांच्यातली दरी. १९८२ मध्ये गावं आत घेतली. पण महापालिकेच्या संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा मंजूर व्हायला १९९९ उजाडलं. सतरा वर्षं! त्या काळात मुंबईतून बाहेर पडलेला माणूस कळवा, मुंब्रा, दिव्यात घर शोधत होता. त्याला अधिकृत घर परवडत नव्हतं आणि कोणी बांधतही नव्हतं. जमीन कुठे गावठाणाची, कुठे वन खात्याची, कुठे खासगी, कुठे सरकारी. कारवाई कोणी करायची याची पत्रं या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिली. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. इमारत अजून बांधून पुरी व्हायची होती, तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली होती. प्रशासनाचा इतिहास शिकताना हा आकडा विसरू नका. समूह विकास योजना (क्लस्टर), म्हणजे जुन्या आणि अनधिकृत इमारतींच्या गटाचा एकत्र पुनर्विकास, ठाण्यात आज एवढी महत्त्वाची झाली आहे तीही याच सतरा वर्षांमुळे.

आता पाणी. ठाण्याला स्वतःचं धरण नाही हे खरं. शहराला रोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि ते चार ठिकाणांहून येतं: महापालिकेची स्वतःची योजना २५०, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) १३५, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण) ११५ आणि मुंबई महापालिका ८५. महापालिकेची योजना म्हणजेसुद्धा भातसा नदीचं पाणी उचलून भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध करून आणणं, धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, आणि दिवा, मुंब्रा, कळवा बराचसा त्यावर. म्हणून तुमच्या सोसायटीत शटडाऊनचा बोर्ड लागतो तेव्हा तो शेजारच्या प्रभागात लागेलच असं नाही, कारण पाणी देणारा वेगळा.

हे असं का झालं? नऊ हजारांचं गाव २०११ च्या जनगणनेत १८ लाख ४१ हजारांवर गेलं, पण टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर कोणाकडून तरी आणखी थोडा कोटा मागून भागलं. धरण बांधायला एकदम मोठी रक्कम लागते, दुसऱ्या तालुक्यातली जमीन लागते, पुनर्वसन लागतं, आणि फळ मिळतं ते पुढच्या कोणाच्या तरी कारकिर्दीत. नवी मुंबईने ते केलं. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण त्या महापालिकेने राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. त्याची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटरची. पण त्यांची सुरुवातच वेगळी होती. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, शहर आधी आखलं गेलं आणि महापालिका १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाली. रस्ते, गटारं, सेक्टर तयार मिळाले. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांकडून उपकर येत होता. हातात रोकड आणि डोक्यावर जुन्या वस्तीचा भार कमी, म्हणून धरण घेण्याचं धाडस झालं. उलट बाजू अशी की तिथली मोकळी जमीन सिडकोची. शाळेला किंवा मैदानाला भूखंड हवा तर महापालिकेला सिडकोच्या दारात जावं लागतं.

पैशाचं सांगून थांबतो, कारण माझ्या मते १९८२ नंतरचा सर्वांत मोठा बदल तोच. ठाण्याचा कणा जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होता. नाक्यावर रोज रोकड जमायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेखा विभागाला कालचा आकडा माहीत असायचा. जकातीत गैरप्रकार होते, ट्रकांच्या रांगा होत्या, ती गेली याचं व्यापाऱ्यांना दुःख नाही. पण ते पैसे शहराचे होते. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला. आता राज्य शासन नुकसानभरपाई देतं, २०१६-१७ च्या आधारावर दरवर्षी आठ टक्के वाढ धरून. रक्कम येते, पण ती येते मंत्रालयातून. स्वतःचं म्हणून उरलं ते मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नगररचना विभागाकडे जमा होणारे विकास शुल्क. म्हणजे घोडबंदरला इमारतींचे प्रस्ताव कमी आले की तिजोरीत खड्डा पडतो. ज्या बांधकामांमुळे पाण्याची आणि रस्त्यांची ओढाताण होते, त्यांच्याच शुल्कावर पाणी आणि रस्त्यांची तरतूद अवलंबून. असं अंदाजपत्रक मांडताना कोणत्याही आयुक्ताला मोकळेपणा राहत नाही, आणि सभागृहाला तर नाहीच.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये महापालिकांना घटनेत स्थान दिलं, बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. राज्य निवडणूक आयोग आला, महिलांना एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. या आरक्षणाने सभागृहातल्या प्रश्नांचा रोखच बदलला. पाण्याची वेळ, स्वच्छतागृहं, बालवाड्या हे विषय इतिवृत्तात वाढत गेलेले मी स्वतः लिहिले आहेत. पण विषय दिले, त्यांच्यासोबत कराचे अधिकार आले नाहीत. त्यात २०१७ ला चार सदस्यांचे प्रभाग झाले: ३३ पॅनेल, १३१ नगरसेवक. आपला नगरसेवक कोण, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला, कारण नावं चार आणि जबाबदारी कोणा एकाची नाही. मी एकसदस्यीय प्रभागाच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात असल्यामुळे निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत आणि आयुक्तच प्रशासक झाले. तेव्हा प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच असतो. गोषवारा निघतो, प्रशासकीय ठरावाला क्रमांकही पडतो, पण त्यावर उलट प्रश्न विचारणारं कोणी नसतं. काम वेगाने होतं हे खरं. मात्र माझा अनुभव असा की सभागृहात तासभर चाललेल्या कटकटीतून कधी कधी असं एक वाक्य निघायचं, ज्यामुळे अभियंता दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन नकाशा बदलून आणायचा.

तुम्हाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पुस्तकं थोडी बाजूला ठेवा. माहितीच्या अधिकारात सचिव विभागाकडून एखाद्या महासभेची विषयपत्रिका, गोषवारे आणि इतिवृत्त मागवा. तुमच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीतला एखादा विषय निवडा, म्हणजे जागा डोळ्यांसमोर राहील. गोषवारा वाचताना सुरुवात शेवटून करा. खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या लेखाशीर्षातून होणार आणि तो पैसा महापालिकेचा की शासनाच्या अनुदानाचा, हे शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. मग त्याच विषयाचा ठराव काढून मूळ प्रस्तावात एखादा शब्द तरी बदलला का ते पाहा.